लेकराची रात्र कुठे गेली?

पत्र

आदरणीय बाई,

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे. शाळेतून दर आठवड्याला तक्रार येते : एका जागी बसत नाही, शेजारच्याला डिवचतो, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. घरी अभ्यासाला बसवलं की पाच मिनिटांत पाणी, मग शू, मग पेन्सिलला टोक. सकाळी पावणेसहाला उठवते, साडेसहाला व्हॅन येते, तोवर चहा-टोस्ट कसंबसं होतं. दुपारी शाळा सुटली की मोबाईल, संध्याकाळी पाच ते सात ट्यूशन. मिस्टर दुकान बंद करून साडेदहाला येतात, मग आम्ही सगळे जेवतो. झोपायला सव्वाअकरा होतात. रविवारी मात्र साडेनऊशिवाय उठत नाही.

सासूबाई म्हणतात नजर लागली. मिस्टर म्हणतात लाडानं बिघडला, दोन फटके बसले की सरळ होईल. ओळखीच्या एका बाईंनी बुद्धिवर्धक सिरप दिलंय. साडेसहाशेची बाटली, तीन महिन्यांचा कोर्स. शंभर टक्के नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही म्हणाल्या. अजून सुरू केलं नाही. डॉक्टरकडे न्यावं तर लोक म्हणतील, डोक्याचं औषध चालू आहे. मला गोळ्या नको आहेत. घरच्या घरी, नैसर्गिक काही सांगा, ज्यानं तो शांत होईल आणि लक्ष लागेल. तसा वाईट नाही हो तो. पोळ्याला दोन तास जागचं न हलता मातीचे बैल केले त्यानं.

— एक आई

उत्तर

तू मला बाई म्हणालीस, म्हणून मीही तुला अगं-तुगं करते. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या वर्गांवर काढली. त्यामुळे पाणी, शू आणि पेन्सिलचं टोक ही तिन्ही कारणं माझ्या जुन्या ओळखीची आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टर लागेल तिथे तसं सांगेन, आणि तिथे मात्र ‘बाईंनी घरगुती सांगितलंय’ म्हणून थांबू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. सव्वाअकरा ते पावणेसहा, म्हणजे साडेसहा तास. सहा ते बारा वर्षांच्या लेकराला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. नऊच धरले तरी रोज अडीच तासांची उधारी झाली. शाळेच्या सहा रात्रींचे पंधरा तास. रविवारी तो सव्वादहा तास झोपतो, म्हणजे त्यातला जेमतेम सव्वा तास फेडतो, आणि सोमवारपासून खातं पुन्हा चालू. घरात दुकान आहे, उधारीची वही कशी फुगते ते तुला मी काय सांगू?

तू उपाय विचारलास, नजरेपासून बाटलीपर्यंत सगळ्यांचं लिहिलंस, पण झोपेचं तू तक्रार म्हणून लिहिलंच नाहीस. वेळापत्रक सांगताना ओघात आलं तेवढंच. नवल नाही म्हणा. आपल्याकडे झोप ही काम संपल्यावर उरलेली वेळ असते. लेकरू कमी जेवलं तर घर हवालदिल होतं, कमी झोपलं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

थकलेला मोठा माणूस पेंगतो. थकलेलं लहान लेकरू पुष्कळदा उलट वागतं. उड्या मारतं, चिडतं, रडतं, हातातलं टाकून दुसरं धरतं, शेजारच्याची वही ओढतं. जागं राहण्यासाठी त्याचं शरीरच त्याला हलवत राहतं. तिसऱ्या तासाला वर्गात जो मुलगा बाकावर चढायचा, त्याला मी पहिली बरीच वर्षं ‘वांड’ म्हणत आले. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत विचारायला लागले, ‘काल कधी झोपलास रे?’ उत्तरं ऐकून माझं मलाच वाईट वाटायचं. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या दारात रात्री बारापर्यंत डीजे, कुणाची आई ऊसतोडीला गेलेली आणि आजीजवळ झोप लागत नाही. वांडपणाची कारणं वर्गाबाहेर पडलेली असायची.

तर माझं उत्तर एवढंच आहे : त्याला काही द्यायच्या आधी त्याची रात्र परत दे. याहून नैसर्गिक काही मला माहीत नाही. एक महिना हे नेमानं कर आणि मग उरलेल्या तक्रारी मोज. बऱ्याच कमी होतील असं मला वाटतं. सगळ्या जातीलच असं नाही, त्याबद्दल पुढे बोलते.

आता हे करायचं कसं, कारण तुझं घर दोन खोल्यांचं असणार आणि त्यात सासूबाईंचा टीव्ही असणार. (तू लिहिलं नाहीस. पण रात्री साडेआठ ते साडेदहा टीव्ही बंद असलेलं घर मी आपल्या भागात अजून पाहिलेलं नाही, माझंही धरून.)

पहिली अडचण जेवणाची आहे. वडील आल्याशिवाय जेवायचं नाही हा रिवाज गोड आहे, पण आठ वर्षांच्या पोराला तो परवडत नाही. त्याचं ताट साडेसातला वाढ. सोबत कुणी बसायला हवं, म्हणून सासूबाईंचं ताटही तेव्हाच वाढ. म्हातारपणी त्यांनाही लवकर जेवलेलं बरं. तू हवं तर नवऱ्यासाठी थांब. पण यात एक दुखणारी गोष्ट आहे आणि ती झाकून चालणार नाही. बाप आणि लेक दिवसात एकमेकांना भेटतात ते त्या रात्रीच्या जेवणालाच. ते काढून घेतलंस तर दोघं रुसतील, आणि चौथ्या दिवशी सगळं होतं तिथे येईल. म्हणून त्याच्या बदल्यात काहीतरी दे. सकाळी व्हॅनपर्यंत बापानं सोडायचं. आठवड्यातून एक संध्याकाळ तासभर दुकानात बसवायचं, पुड्या मोजायला, बियाण्याच्या पिशव्यांवरची नावं वाचायला. रविवारी शेतातल्या आखाड्यावर न्यायचं. पेरणीच्या दिवसांत यातलं काही जमणार नाही, हे मीही जाणते. तेव्हा सकाळची ती दहा मिनिटं तेवढी सोडू नका.

दुसरी अडचण वेळ सरकवण्याची. आज सव्वाअकरा आणि उद्या पावणेनऊ असं करायला गेलीस तर तो अंथरुणात दोन तास लोळेल आणि तू रागावशील. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे ये. महिनाभरात पावणेनऊवर येशील. पावणेनऊ ते पावणेसहा, बरोबर नऊ तास. रविवारी उठायची वेळही फार लांबवू नकोस, सात-साडेसात ठीक. नाहीतर रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार पुन्हा बिघडतो.

तिसरं, झोपायच्या आधीचा तास. त्यात मोबाईल नाही, टीव्ही नाही. पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला की झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होतं, आणि जे बघितलं ते डोक्यात घुमत राहतं ते वेगळंच. टीव्हीला पर्याय सासूबाईच आहेत. त्यांच्याशी ‘आई, टीव्ही बंद करा’ अशी सुरुवात केलीस तर तू हरलीस. त्यांना म्हण, ‘आई, याला तुमच्याशिवाय कुणाजवळ झोप येत नाही. अर्धा तास तुम्ही घ्या.’ हातपाय धुवायचे, अंथरूण आतल्या खोलीत, दिवा मंद, आणि आजीनं लहानपणचं काहीही सांगायचं. बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडायची कामं सांगू देत, त्या कामांवर वाटलेली सुकडी सांगू देत, माहेरच्या गावातलं भूत सांगू देत. (भूत दिवसा सांगितलेलं बरं.) लेकरू झोपलं की मालिकेचा उरलेला भाग बघायला त्या मोकळ्या. हा उपाय मी तीन-चार घरांत चाललेला पाहिलाय. आजी नसलेल्या घरांत तो चालत नाही, तिथे आईला बसावं लागतं. तुझं नशीब बरं आहे.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वरही जातो, पत्र्याची खोली रात्री दहापर्यंत भट्टी असते आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही. तेव्हा गच्चीवर झोपा. दुपारी तासभर झोपला तरी हरकत नाही, फक्त चारनंतर नको.

आणि ही शाळेची वेळ! फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं सांगितलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. कारण हेच दिलं होतं, मुलांची झोप पुरी होत नाही. तरी तिसरीच्या लेकराला साडेसहाला व्हॅन येते. बसगाड्या मिळत नाहीत, दोन सत्रं चालवावी लागतात, अशा अडचणी शाळा सांगतात. काही खऱ्याही असतील. पण पालक सभेत चार आयांनी मिळून हा विषय काढायला काय हरकत आहे? एकटीनं नको, चौघींनी.

आता ती बाटली.

तू ती सुरू केली नाहीस, हे फार बरं केलंस. ‘नैसर्गिक’ हा शब्द ऐकला की आपण सैल पडतो. धोतराही नैसर्गिक असतो आणि अफूही. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना बाळगोळी देऊन निजवून जायच्या. ती बाळगोळी अफूची असायची. पोरं शांत व्हायची, त्यात शंका नाही. म्हणून ‘हे दिलं की लेकरू शांत होतं’ असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. शांत कशानं झालं, हे आधी विचारावं.

बाटली उजेडात धर आणि लेबल वाच. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा नंबर, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आणि घटकांची पूर्ण यादी असायलाच हवी. यातलं एक जरी नसेल तर ती परत कर. यादीत भस्म, रस, पारद, नाग असे शब्द दिसले तर वैद्याला दाखवल्याशिवाय थेंबही देऊ नकोस. नाग म्हणजे शिसं. २००४ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून आपल्याकडची ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली होती. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. लेकराच्या शरीरात शिसं किती चालतं, तर अजिबात नाही. सुरक्षित असं प्रमाणच नाही त्याला. आणि शिसं करतं काय? बुद्धी मंद करतं, लक्ष उडवतं. ज्या दुखण्यासाठी बाटली घ्यायची तेच दुखणं बाटलीतून यायचं, असा हा प्रकार.

मी आयुर्वेदावर घसरले असं समजू नकोस. माझ्या घरी सुंठ आहे, ओवा आहे, आणि नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे शिकलेले वैद्य बसतात. बाटली घेऊन तिथे जा आणि विचार. ओळखीच्या बाईंना कमिशन मिळतं, वैद्याला या बाटलीचं मिळत नाही, एवढाच फरक पुरेसा आहे.

ब्राह्मीचं तू विचारलं नाहीस, पण सासूबाई विचारतील. ब्राह्मी या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, एक खरी ब्राह्मी आणि दुसरी मंडूकपर्णी. विकणाऱ्यालाही पुष्कळदा फरक माहीत नसतो. ब्राह्मीवर अभ्यास झालेत, स्मरणशक्तीला थोडा उपयोग दिसला, पण ते बहुतेक मोठ्या माणसांवरचे आणि लहान लहान. चंचल लेकरू तिनं शांत बसतं असं म्हणण्याइतका पुरावा नाही. कुणाकुणाला तिनं पोटात मुरडा येतो. डोक्याला ब्राह्मीचं तेल लावून आजीनं दहा मिनिटं चोळलं तर ते उत्तम. मात्र गुण तेलाचा किती आणि आजीच्या हाताचा किती, हे मला विचारू नकोस. वेखंड पोटात नको. अमेरिकेत ते १९६८ पासून खाण्यात बंद आहे. आणि झोपेसाठी जायफळ उगाळून द्यायचं कुणी सुचवलं तर नाही म्हण. जायफळ जास्त झालं तर छातीत धडधडतं, भास होतात.

नजर काढायची असेल तर काढू दे. मीठ-मोहरी-मिरच्यांनी नुकसान होत नाही, आणि लेकराला तेवढा वेळ आजीसमोर गुपचूप बसावं लागतं. मिरच्यांचा धूर तेवढा त्याच्या नाकात जाऊ देऊ नका.

खाण्याचं. सकाळी चहा-टोस्ट आणि मग थेट डबा, हे नको. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि चहानं भूकही मरते. आपल्या देशात लहान मुलांत रक्त कमी असणं इतकं आहे की २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं ॲनिमियाची निघाली. तुझा मुलगा त्या वयातून नुकताच पुढे सरकलाय. लोह कमी असलं की लेकरू चिडचिडं होतं, दमतं, लक्ष लागत नाही, रात्री पाय हलवत राहतं. हे ओळखायला डोळे पुरत नाहीत, रक्त तपासावं लागतं. या वयात हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असेल तर कमी. सरकारी शाळांत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी लोहाची गोळी मिळते, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी मिळते. खासगी शाळेत ती मिळते का, मिळाली तर तो खातो की खिशात ठेवतो, एवढं बघ. रक्त कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढंच औषध. लोहाचं औषध मनानं पाजायचं नाही, जास्त झालं तर विषारी आहे.

बाकी तुझ्या स्वयंपाकघरात सगळं आहेच. रात्रीची ज्वारीची भाकरी सकाळी दुधात कुस्करून, नाहीतर दही-धपाटे, नाहीतर शेंगदाणे घालून मुरमुऱ्यांचा सुशीला आणि वर लिंबू. जवसाची चटणी रोज ताटात असू दे. ओमेगा म्हणून महागड्या कॅप्सूलमध्ये जे विकतात, त्याच्या जवळचं काहीतरी त्यात आहे. साखरेवर फार चिडू नकोस. गोड खाल्लं की पोरं उधळतात असं सगळे म्हणतात, पण पोरांना किंवा आयांना न सांगता साखर देऊन पाहिली तर वागण्यात फरक पडलेला दिसला नाही. साखर दातांसाठी कमी कर. त्यापेक्षा ते पाच रुपयांचे भडक लाल-पिवळे पुडे आणि रंगीत पेप्सी बघ. काही कृत्रिम रंगांनी काही मुलं जास्त चंचल होतात असं २००७ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात दिसलं, आणि युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर तसा इशारा छापावा लागतो. फरक थोडाच असतो आणि सगळ्याच मुलांत नसतो. पण त्या पुड्यांत वाचवण्यासारखं तरी काय आहे?

पाच ते सात ट्यूशन. माय गं, तिसरीला! लातूरच्या क्लासचं वारं आता तिसरीपर्यंत आलंय. सकाळी सातपासून दुपारपर्यंत बसलेलं लेकरू पुन्हा दोन तास बसवायचं आणि वर म्हणायचं की बसत नाही. त्याला दिवसाकाठी किमान एक तास घाम फुटेल असं पळायला हवं. लगोरी खेळू दे, सूरपारंब्या खेळू दे, नुसती सायकल दामटू दे. ट्यूशन बंद करायला घरात भांडण होणार असेल तर निदान तासावर आण, आणि दुपारच्या मोबाईलच्या जागी झोप किंवा खेळ ठेव. मोबाईल लपवू नकोस, तो शोधतो. घरातल्या सगळ्यांचे मोबाईल साडेसात ते नऊ एकाच ठिकाणी चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे तुझाही, रील्ससकट.

मातीच्या बैलांवर मी जरा थांबले. दोन तास! म्हणजे लक्ष आहे, ते कुठे लागतं हेही कळलं. अभ्यास त्याच वाटेनं ने. गणित चिंचोक्यांनी कर, पाढे दोरीच्या उड्यांवर म्हण. दहा मिनिटं लिहायचं, मग उठून कुंडीला पाणी घालायचं, पुन्हा दहा मिनिटं. पाण्याला उठायची परवानगी आधीच दिलीस की ते उठणं चोरटं राहत नाही. आणि स्वयंपाकघरातून ओरडून सूचना देऊ नकोस. जवळ जा, खांद्यावर हात ठेव, एका वेळी एकच गोष्ट सांग. ‘शहाण्यासारखा वाग’ हे त्याला कळत नाही. ‘या तीन ओळी लिही’ हे कळतं. लिहिल्या की ‘तिन्ही ओळी एका दमात लिहिल्यास’ असं म्हण. नुसतं ‘गुड बॉय’ नको, कशासाठी गुड ते त्याला समजू दे.

फटक्यांबद्दल तुझ्या मिस्टरांना माझा निरोप दे. वर्गात छडी मीही वापरली आहे, त्या काळी सगळेच वापरत. छडीनं मुलगा पाच मिनिटं गप्प बसतो, पण त्या पाच मिनिटांत तो धडा ऐकत नसतो, छडीकडे बघत असतो. हे कळायला मला फार वर्षं लागली, त्यांना इतकी लागू नयेत.

आता डॉक्टरचं, जे तुला टाळायचंय.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तरी बघायचा नाही, सांगितलेलं अर्धंच करायचा. मी त्याला बेपर्वाईसाठी दोनदा बाहेर उभं केलं. पुढे शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली, डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. दोन्ही कान वाहत होते. त्याला ऐकूच येत नव्हतं. ते मी अजून विसरले नाही, विसरूही नये.

म्हणून ‘फळ्यावरचं अर्धंच उतरवतो’ यावर पहिलं काम म्हणजे डोळे आणि कान. दोन्ही तपासून घे, याच महिन्यात. मधेच दहा-पंधरा सेकंद तो शून्यात बघतो का, हाक मारली, हलवलं तरी भानावर येत नाही का? तसं असेल तर ती फिट असू शकते, डॉक्टरकडे लगेच. शून्यात बघणाऱ्या लेकराला आपण ‘स्वप्नाळू’ म्हणून सोडून देतो.

आणि झोप, खाणं, खेळ सगळं सुधारूनही चंचलपणा तसाच राहिला, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसला, सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ असला, अभ्यासाचं आणि दोस्तीचं नुकसान करू लागला, तर अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी आहे का ते बघावं लागतं. मातीच्या बैलांमुळे ती नाहीच असं धरू नकोस. अशी मुलंही आवडीच्या कामात तासन्‌तास रमतात. आणि त्यातलं एखादं लेकरू धोक्याचं भान न राहून रस्त्यावर धावत सुटतं, तसं काही असेल तर महिना थांबूही नकोस. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात बालकांच्या तपासणीचं केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात त्याला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यातून होतात, फुकट. जायच्या आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं. फोन केल्याचं गावात कुणाला कळत नाही.

डॉक्टर पहिल्या भेटीत गोळीच देतील हाही तुझा गैरसमज आहे. आधी तुला आणि शाळेला प्रश्न विचारतील, आई-बापांनी कसं वागायचं ते शिकवतील. गोळी लागलीच तर चष्म्यासारखी समज. चष्मा लागलेल्या पोराला ‘डोळ्याचं औषध चालू आहे’ म्हणून आपण घरात लपवत नाही.

तुझ्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. पावणेसहाला त्याला उठवतेस म्हणजे तू पाचच्या आत उठतेस, आणि भांडी आवरून झोपतेस तेव्हा बारा होत असतील. पाच तास. मग संध्याकाळी तुझा आवाज चढत असेल तर तो तुझा स्वभाव आहे असं मला वाटत नाही. त्याची रात्र पावणेनऊवर आली की तुझीही थोडी अलीकडे येते का बघ. नवऱ्याला झाकून ठेवलेलं ताट स्वतः वाढून घेता येतं.

एक वही कर. रोज तीन गोष्टी लिही : झोपला किती वाजता, उठला किती वाजता, दिवस कसा गेला; बरा, मधला की वाईट, एका शब्दात. महिन्यानं ती वही मला पाठव, आणि डॉक्टरकडे गेलीस तर तीच त्यांच्यापुढे ठेव, त्यांचं अर्धं काम होईल. सिरपवाल्या बाईंना म्हण, बाई म्हणाल्या आधी लेबल पाठवा.

आज रात्री मात्र एक काम कर. तो झोपल्यावर अर्ध्या तासानं त्याच्याजवळ जाऊन बस, दिवा न लावता. तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, श्वास मधेच अडकून दचकतो का, ते ऐक. यातलं काही असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. मग तो नऊ तास अंथरुणात राहिला तरी झोप पुरी होणार नाही. तसं दिसलं तर महिनाभराची वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे ने, आणि मला दोन ओळी टाक.

— तुझी, बाई